एक वाळू, दोन खाती

मी श्रीवर्धन तालुक्यात घरबांधणीची लहानसहान कामं घेतो. वाळू माझ्या हिशेबात ब्रासावर येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खाडीची रेती आली की आधी गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर मीठ सळई खातं.

आमच्याकडची ही रेती सावित्रीची. नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून उतरते आणि हरिहरेश्वर-बाणकोटच्या मधून समुद्राला मिळते. येताना सह्याद्रीचा झिजलेला कातळ घेऊन येते. हातपाटीवाले होडीतून डुबी मारून बादलीने रेती काढायचे. मग सक्शन पंप आले. डुबीवाल्याला दम लागतो, पंपाला लागत नाही. नदी आणते त्याहून जास्त उपसलं की पात्र खोल होतं, भरतीचं खारं पाणी आणखी आत चढतं, काठ ढासळतात, भातखाचरं आणि विहिरी नासतात.

याच मुखाच्या आसपास, हरिहरेश्वर-दिवेआगरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. मादी भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभरेक अंडी घालते. कासवमित्र ती कुंपणातल्या वाळूत हलवतात. दीड-दोन महिन्यांत पिल्लं निघतात. नर की मादी, हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं. खाडीपलीकडे वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये हे काम सुरू केलं.

उपशाला विरोध सोपा नव्हता. अलिबागजवळ किहीमला २००४ मध्ये बेकायदा वाळूउपसा थांबवायला गेलेल्या सुमायरा अब्दुलालींवर हल्ला झाला. पुढे त्यांच्या आवाज फाउंडेशनने उच्च न्यायालयात धाव घेतली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली.

तरी एक गोष्ट मला खटकते. रेतीगटांचा लिलाव महसूल खात्याकडे, अंड्यांची राखण वनखात्याकडे. नदीने आणलेलीच वाळू लाटा किनाऱ्यावर पसरतात. खाडीत खड्डा पाडून किनाऱ्यावर कुंपण घालणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं.

हल्ली मी दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतो. तीही कुठल्यातरी डोंगरातूनच येते, म्हणून ती फुकटचं पुण्य नाही. घर बांधायचं तर कुठेतरी खणावं लागणारच. मात्र लिलावाआधी दोन्ही खात्यांनी एकत्र बसावं, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पात्राची खोली नि किनाऱ्याची रुंदी मोजावी आणि त्यावरून यंदा किती ब्रास काढायचे ते ठरवावं. पात्र भरलं नसेल त्या वर्षी लिलावच नको. आम्ही ठेकेदार दर वाढला म्हणून कुरकुर करू, पण घरं तरीही बांधूच.