शहागडचं पाणी जातं कुठं?

सोलापूर–धुळे महामार्गावर शहागडच्या पुलाखाली गोदावरी; अलीकडे जालना, पलीकडे बीड. उगम त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर. पण सह्याद्री आडवा, म्हणून बाई निघाल्या पूर्वेला! 1,465 किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतात. (वरच्या जायकवाडी धरणानं पाणी सोडलं तर, हं.) तिकडं धवळेश्वरमला इंग्रज अभियंता आर्थर कॉटननं 1852 पर्यंत बंधारा बांधला, कालवे काढले आणि पूर-दुष्काळानं गांजलेला त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. त्याच त्रिभुज प्रदेशातल्या कोनसीमेत तर खाचरांच्या बांधापर्यंत नारळ. आपल्याकडं याच नदीच्या जिवावर ऊस! राजमहेंद्रीला गेलात तर धवळेश्वरमचं कॉटन संग्रहालय चुकवू नका.