पडद्याचे गणित, वापरणाऱ्याच्या हाती

मॉनिटर जोडला की चित्र दिसणारच, असे आज आपण धरून चालतो. १९९० च्या दशकात युनिक्सवर ग्राफिक पडदा सुरू करायचा तर मॉनिटरचे माहितीपत्रक शेजारी उघडून बसावे लागे. एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये हा पडदा रंगवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमचा पाया घातला. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. एक्स११ म्हणून आजही चालते ती हीच. पुढे एक्सफ्री८६ प्रकल्पाने ती घरोघरच्या पीसीवर पोचवली.

तिथे प्रत्येक मोडसाठी, म्हणजे रिझोल्यूशन आणि वारंवारतेच्या जोडीसाठी, ‘मोडलाइन’ लिहायची. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० मोडची ओळ पाहा. आधी पिक्सेल क्लॉक, २५.१७५ मेगाहर्ट्‌झ. मग आडवे आकडे ६४०, ६५६, ७५२, ८०० आणि उभे ४८०, ४९०, ४९२, ५२५. दिसतात ६४० पिक्सेल, पण प्रत्येक रेघेला वेळ मिळतो ८०० पिक्सेलांचा, कारण सीआरटीतल्या इलेक्ट्रॉन झोताला डाव्या कडेला परतायला सवड हवी. त्यासाठीचा सिंकचा इशारा ६५६ वर सुरू होतो आणि ७५२ वर संपतो. ८०० गुणिले ५२५ म्हणजे ४,२०,०००. क्लॉकला त्याने भागले की सेकंदाला ५९.९४ फ्रेम येतात. आकडे चुकले तर चित्र सरके, फाटे. जुना मॉनिटर बिघडण्याचीही भीती असे. म्हणून मॉनिटरला किती वारंवारता झेपते, हे कॉन्फिगरेशन फाइलीत आधी नोंदवून ठेवत.

१९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने ईडीआयडी आणले आणि मॉनिटर स्वतःच १२८ बाइट्‌समध्ये आपली क्षमता सांगू लागला. २००७ मध्ये आलेल्या एक्सच्या रँडआर १.२ या विस्तारामुळे चालू सत्रातच नवा मोड घालता येऊ लागला. सीव्हीटी ही आज्ञा मोडलाइन काढून देते. एक्सरँडआर या आज्ञेने आधी ती एक्सच्या सर्व्हरला कळवायची, मग हव्या त्या आउटपुटला जोडायची आणि शेवटी निवडायची. सत्र संपले की हे सारे पुसले जाते. कायम ठेवायचे तर फाइलीतच लिहावे लागते.

खरी मेख आकड्यांत असते. १९२० बाय १०८०, ६० हर्ट्‌झसाठी सीव्हीटी १७३ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक सुचवते. सिंगल-लिंक डीव्हीआय केबलची मर्यादा १६५ ची. आकडे बरोबर असूनही पडदा काळाच राहू शकतो. एलसीडीला झोत मागे न्यायचाच नसतो, म्हणून रिड्यूस्ड ब्लँकिंगचा पर्याय घ्यायचा. रेघ २५७६ वरून २०८० पिक्सेलांवर येते, क्लॉक १३८.५ वर उतरतो आणि तीच केबल पुरते.

केबल किंवा केव्हीएम स्विचमुळे ईडीआयडी पोचले नाही, की चांगला मॉनिटरही १०२४ बाय ७६८ वर अडकून बसतो. अशा वेळी हाताने लिहिलेला मोडच कामी येतो.

२००९ मध्ये लिनक्स २.६.२९ पासून मोड लावण्याचे काम एक्सकडून कर्नलकडे जाऊ लागले. एक्सला पर्याय म्हणून क्रिस्तियन होग्सबर्गने २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये एक्सरँडआरने मोड बदलता येत नाही. ते काम प्रत्येक कंपोझिटर, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, आपापल्या पद्धतीने करतो. त्यांपैकी स्वे हा कंपोझिटर मोडलाइन स्वीकारतो. कर्नललाही बूट होताना मोड सांगता येतो, ईडीआयडीची फाइल पुरवता येते. पण त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

आपोआप जुळणारा पडदा हवाच. पण मॉनिटर स्वतःविषयी चुकीचे सांगत असेल, तर ते दुरुस्त करण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे राहिला पाहिजे. प्रत्येक कंपोझिटरने आपला मोड घालण्याची सोय द्यावी; नाहीतर धडधाकट मॉनिटर केवळ १२८ बाइट्‌सपायी भंगारात जातील.