रक्तात परजीवी नाही, तरी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ कशी?

वडूजच्या आसपास खिल्लार जनावरे सांभाळणाऱ्यांना गोमाशीचा त्रास नवा नाही. ही माशी एका जनावराचे रक्त पिते, दुसऱ्याला चावते आणि ‘सर्रा’ रोग पसरवते. या रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय माणसाला बाधत नाही, असे मानले जाई. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील शिवनी गावात हा समज खोटा ठरला. एका ४५ वर्षांच्या शेतकऱ्याला पाच महिने ताप येत-जात होता. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर हेच परजीवी आढळले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. आपल्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन अशा परजीवींना मारते. जनुकातील दोषामुळे ते त्याच्या रक्तात नव्हतेच, हे पुढे संशोधनातून समजले.

मग गावातील इतरांचे काय? १,८०६ जणांच्या रक्ताची चाचणी झाली. ४१० जण ‘पॉझिटिव्ह’ आले. रक्तद्रव वेगळे काढून पुन्हा तपासले, तेव्हा ही संख्या ८१ वर आली. त्यातल्या ठळक निकालाच्या ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधले, तर एकातही सापडले नाहीत.

चाचणी चुकली का? नाही. ती परजीवी शोधतच नाही. परजीवीच्या अंगावर प्रथिनांचे आवरण असते. शरीर ते ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. चाचणीत कार्डावर ते आवरण असलेले मृत, रंगवलेले परजीवी रक्ताच्या थेंबात मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर त्यांच्या गुठळ्या होतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे परजीवी कधीतरी अंगात शिरला होता, एवढेच कळते. आज तो आहे का, हे कळत नाही.

दक्षिण अमेरिकेतील चागास रोगात मात्र हीच पद्धत निदानाचा मुख्य आधार आहे. त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा क्रूझी याच कुळातला. जुनाट अवस्थेत तो हृदयाच्या आणि आतड्याच्या स्नायूंत दडतो, रक्तात क्वचितच सापडतो. उपचार न झाल्यास तो बहुधा जन्मभर राहतो. त्यामुळे तिथे प्रतिपिंडे सापडणे म्हणजे जवळजवळ संसर्ग असणेच. तरीही काळा आजाराच्या परजीवीशी असलेल्या साम्यामुळे गल्लत होऊ शकते. म्हणून वेगवेगळे प्रतिजन वापरणाऱ्या दोन चाचण्या जुळल्यावरच निदान पक्के करतात. परजीवीच्या पृष्ठभागावरील नेमकी प्रथिने निवडली, तर ही गल्लत कमी होते.

चाचणीची पद्धत एकच, पण अर्थ रोगागणिक बदलतो. शिवनीतल्या त्या ‘पॉझिटिव्ह’ लोकांना नुसत्या कार्डावरून रोगी ठरवले असते, तर गरज नसताना सुरामिनसारखे जड औषध सोसावे लागले असते. उलट, जुनाट चागासमध्ये रक्तात परजीवी दिसला नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवले, तर त्याचे हृदय हळूहळू निकामी होऊ शकते.

जनावराला सर्रा झाला म्हणून घाबरायचे कारण नाही. त्याचे रक्त हाताळताना हातावरची जखम झाकावी. ताप वारंवार येत असेल, तर घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.