जुळ्या करडांचा ताळा
पशुआहाराचे प्रयोग आणि संख्याशास्त्र

नवा खुराक चालू केल्यापासून जनावर चांगले पोसले, असे सांगणारे पशुपालक गावोगाव भेटतात. त्यांचा अनुभव खोटा असतो असे नव्हे. परंतु त्याच हंगामात पाऊस चांगला झालेला असतो, रानात पाला मुबलक असतो आणि खुराकासाठी निवडलेले जनावरही बहुधा कळपातील उमदेच असते. मग वाढलेल्या वजनाचे श्रेय यांपैकी कोणास द्यावयाचे? खुराकाची पोती रोख पैसे मोजून आणावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

या बाबतीत स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्याचे उदाहरण बोधप्रद आहे. सन १९३० मध्ये तेथील ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग करण्यात आला. चार महिने १०,००० मुलांना रोज पाऊण पाइंट दूध मिळाले आणि उरलेल्या १०,००० मुलांची केवळ तुलनेसाठी वजने-उंची घेण्यात आली. प्रयोग प्रचंड होता, खर्चही मोठा होता. पण गटांची निवड काही प्रमाणात शिक्षकांच्या हाती राहिली. दोन गट विषम वाटल्यास मुलांची अदलाबदल करण्याची त्यांना मुभा होती. दुबळ्या, गरीब मुलाला दूध मिळावे असे कोणत्याही सहृदय शिक्षकास वाटणारच! परिणामी प्रयोगाच्या आरंभीच दूध न घेणारी मुले अधिक उंच व वजनदार होती. शिवाय वजने अंगावरील कपड्यांसह घेतली गेली, पहिली हिवाळ्यात आणि शेवटची उन्हाळ्याच्या तोंडावर. सुखवस्तू घरच्या मुलांच्या अंगावरून जाड कपडे उतरले, गरिबाच्या अंगावर उतरण्याजोगे फारसे नव्हतेच.

सन १९३१ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी या प्रयोगाची चिकित्सा केली. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या या संख्याशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तरी अल्प खर्चात अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते.

हीच कल्पना आपल्या शेळीपालनास सहज लागू पडते, कारण उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होणे ही नित्याची बाब आहे. शेळीची जुळी बहुधा एकसारखी नसतात, हे खरे. तरीही एकाच मातेची, एकाच दिवशी जन्मलेली व एकाच दुधावर वाढलेली करडे परस्परांशी जितकी जुळतात, तितकी बाहेरची दोन करडे जुळत नाहीत.

समजा, दूध तोडलेल्या करडांना रोज १० ग्रॅम क्षारमिश्रण दिल्याने वजन अधिक वाढते काय, हे पाहावयाचे आहे. जुळ्यांच्या आठ जोड्या घ्याव्यात. प्रत्येक जोडीत दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या असाव्यात, कारण नर जात्याच अधिक वेगाने वाढतो. जोडीतील कोणत्या करडास क्षारमिश्रण द्यावयाचे, हे मात्र आपण ठरवू नये. नाणे उडवून ठरवावे. मालकाची नजर नकळत चलाख करडाकडे वळते, नाण्याला तशी आवड नसते. सर्व करडांना एकाच दिवशी जंतनाशक पाजावे, चराई एकत्र ठेवावी. क्षारमिश्रण मात्र प्रत्येकास वेगळे चारावे. एकाच गव्हाणीत ते टाकले तर कोणी किती खाल्ले हे कळत नाही. मग आठ करडांचा प्रयोग न राहता तो एका गव्हाणीचा प्रयोग होतो.

वजने सकाळी, चारापाण्यापूर्वी आणि लागोपाठ दोन-तीन दिवस घेऊन त्यांची सरासरी धरावी. भरल्या पोटाच्या करडाचे वजन फसवे असते. लॅनार्कशायरच्या जाड कपड्यांसारखेच. एखादे करडू दगावल्यास त्याची जोडी वजनाच्या हिशेबातून वगळावी, परंतु मृत्यूची नोंद अवश्य ठेवावी. एकाच बाजूची करडे अधिक दगावली तर तोही निष्कर्षच असतो.

आता आकडेमोड. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिले आहेत. ९० दिवसांत क्षारमिश्रण घेतलेल्या करडाची वाढ त्याच्या भावंडापेक्षा किती अधिक झाली, हे किलोग्रॅममध्ये असे : ०.९, ०.४, उणे ०.३, १.१, ०.६, ०.२, ०.८, उणे ०.१. बेरीज ३.६, म्हणून सरासरी फरक ०.४५ किलो. प्रत्येक आकड्याचे या सरासरीपासूनचे अंतर काढून त्यांच्या वर्गांची बेरीज केली असता १.७० येते. तिला जोड्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे ७ ने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे ०.४९ मिळते. त्यास आठच्या वर्गमूळाने भागल्यास सरासरीची प्रमाण त्रुटी ०.१७४ होते. सरासरी फरक या त्रुटीच्या २.५८ पट आहे. गॉसेट यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या ‘टी’ कसोटीच्या कोष्टकात आठ जोड्यांसाठी, पाच टक्के पातळीवर, २.३६५ ही मर्यादा दिलेली असते. आपला आकडा तिच्या पलीकडे आहे. क्षारमिश्रणाचा काहीच परिणाम नसता, तर एवढा मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचांहून कमी वेळा दिसला असता.

अनेक अहवाल येथेच थांबतात, आणि आमच्या मते हीच त्यांची उणीव होय. २.३६५ ला ०.१७४ ने गुणल्यास ०.४१ येतात, म्हणजे खरा फरक साधारण ४० ग्रॅमपासून ८६० ग्रॅमपर्यंत कोठेही असू शकेल. ९० दिवसांत एका करडास ९०० ग्रॅम क्षारमिश्रण लागले. त्याची किंमत ४० ग्रॅम वजनवाढीतून निघणे कठीण, ८६० ग्रॅममधून सहज निघेल. फरक ‘सार्थ’ ठरला तरी तो परवडणारा आहे की नाही, हे या आठ जोड्या निश्चित सांगू शकत नाहीत. ही अनिश्चितता निम्मी करावयाची तर जोड्या दुप्पट करून भागत नाही, चौपट म्हणजे ३२ कराव्या लागतात. एका शेळीपालकाजवळ एवढी जुळी एकाच वेळी असणे दुर्मिळ. पण गावातील चार-पाच शेळीपालकांनी एकाच पद्धतीने वजने ठेवली, तर ती जमू शकतात.

ज्यांना या गणिताच्या खोलात शिरावयाचे आहे, त्यांच्यासाठी डॉ. वि. गो. पानसे व डॉ. पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेती-संशोधकांकरिता लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ पासून उपलब्ध आहे. गोठ्यातील कामाला मात्र एक नाणे, एक भरवशाचा वजनकाटा आणि रोजच्या रोज लिहिलेली वही पुरेशी आहे.