लघवी झाली का?

बंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचा सर्जिकल वॉर्ड घ्या. संध्याकाळची वेळ. सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालेले सत्तरीचे आजोबा सारखी कूस बदलताहेत. "लघवी झाली का, बाबा?" मुलगा विचारतो. "होतेय थोडी थोडी." मुलाचा जीव भांड्यात पडतो, सिस्टरचा मात्र नाही. ती पडदा ओढते, ओटीपोटावर हात ठेवते आणि बोटावर बोटाने टिचकी मारते. बेंबीखाली गोल, टणक फुगवटा हाताला लागतो. आवाज भरल्या माठासारखा बद्द येतो.

'थोडी थोडी' हाच फसवा शब्द. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. ते काठोकाठ भरलं की वरची तेवढी ठिबकते, आतला साठा तसाच राहतो. म्हणून सिस्टर जमाखर्च पाहते. सलाइनच्या दोन बाटल्या, म्हणजे एक लिटर, आत गेलं आणि सहा तासांत बाहेर आली जेमतेम १०० मिली. मग उरलेली कुठे आहे?

कमरेत दिलेल्या भुलीने मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाही बधिर होतात, त्यामुळे भरल्याची जाणीवच होत नाही. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, वाढलेलं प्रोस्टेट, जुना मधुमेह, बद्धकोष्ठता यांचीही भर पडते. लघवी तुंबण्याला आयुर्वेदात मूत्राघात म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत त्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. दुखणं जुनंच, पण दुर्लक्ष महागात पडतं. मूत्राशयाचा स्नायू फार ताणला तर ढिला पडतो, दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. म्हातारी माणसं तर कधी कधी नुसती बरळायला लागतात. बाळंतिणीचं मूत्राशय तुंबलं की गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव वाढू शकतो.

उपचाराची सुरुवात नळीने होत नाही. आधी आडोसा. डॉक्टरांची परवानगी असेल तर पुरुषाला पलंगाशी उभं करायचं, बाईला नीट बसू द्यायचं, दुखणं कमी करायचं, नळ सोडायचा. स्कॅनर असेल तर पोटावर जेल लावून आत किती मिली आहे ते क्षणात कळतं. तरीही मोकळं झालं नाही तर डॉक्टरांच्या सूचनेनुसार कॅथेटर. निर्जंतुक हातमोजे, जेली, सावकाश हात. लघवी नळीत आल्याची खात्री झाल्याशिवाय नळीच्या टोकाशी असलेला फुगा फुगवायचा नाही, नाहीतर तो मूत्रमार्गातच फुगून इजा करतो. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली. नंतर लघवीचा लोंढा लागला, रक्त दिसलं किंवा बीपी उतरलं तर लगेच कळवायचं.

नळी राहिली की जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढतो. म्हणून चांगली सिस्टर रोज सकाळी विचारते, ही आज काढता येईल का? आणि काढल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजते.

बंगळुरूत या मोजमापाआधी भाषेचा उंबरा असतो. १९०० साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया रुग्णालयासारख्या ठिकाणी कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे रुग्ण एका रांगेत असतात, आणि शहरातल्या कितीतरी सिस्टर केरळच्या. कुणी "मूत्र बंता?" विचारते, कुणी "मूत्रम् पोयो?" आपल्या मराठी आजीलाही त्यातला 'मूत्र' कळतो. पण कळूनही ती बोलत नाही. समोर जावई उभा असतो, शेजारी परका माणूस. म्हणून नातेवाइकांना बाहेर पाठवून, कानाशी वाकून विचारलेला तो प्रश्न मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्यालाही त्यात हातभार लावता येतो. आपलं माणूस रुग्णालयात असेल तर 'होतेय' एवढ्यावर थांबू नका. किती वाजता, किती झाली, हे लक्षात ठेवा. आणि भांडं ओतून टाकण्याआधी सिस्टरला मोजू द्या.