विद्यापीठाच्या गावाला मागास भागाचा निधी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मागे पडलेल्या प्रदेशांना सार्वजनिक पैशाने पुन्हा उभे करणे आणि त्या कामात स्थानिक स्वयंसेवी संस्थांना सामील करून घेणे ही मुळात युरोपची रीत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. युरोपीय प्रादेशिक विकास निधी 1975 मध्ये सुरू झाला आणि त्यातून रस्त्यांपासून रोजगार प्रशिक्षणापर्यंतची कामे उभी राहिली, हे खरेच आहे. परंतु त्यावरून अमेरिकेत असे काही नाही, तेथील समाजकार्य केवळ देणगीदार, चर्च आणि श्रीमंतांचे न्यास यांच्या बळावर चालते, असा जो निष्कर्ष सहज काढला जातो, तो चुकीचा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावाकडे पाहिले म्हणजे ही चूक नेमकी कोठे होते ते स्पष्ट दिसते.

अ‍ॅपलेशियन रिजनल कमिशन ही संस्था युरोपच्या निधीहून दहा वर्षांनी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या अनुषंगाने पसरलेल्या, कोळसा, लाकूड आणि लोखंड यांवर जगलेल्या आणि ते उद्योग मंदावल्यावर ओस पडू लागलेल्या मुलखासाठी जो कायदा करण्यात आला, त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 9 मार्च 1965 रोजी सही केली. आज या आयोगाच्या कक्षेत 13 राज्यांतील 423 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग, येतात. त्यांपैकी 52 पेनसिल्व्हेनियात आहेत आणि स्टेट कॉलेज ज्या सेंटर काउंटीत वसले आहे, तिचाही त्यांत समावेश आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. दांडेकर समितीने 1984 मध्ये मांडलेला प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी 1994 मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे याच जातीच्या प्रश्नाला दिलेली उत्तरे होती. फरक इतकाच की अ‍ॅपलेशियन आयोगात केंद्र सरकारचा एक प्रतिनिधी आणि तेराही राज्यांचे गव्हर्नर एकत्र बसून निर्णय घेतात, आणि प्रत्यक्ष अर्ज घडवण्याचे काम स्थानिक विकास जिल्हे नावाच्या मधल्या संस्थांकडे असते. सेंटर काउंटीसह मध्य पेनसिल्व्हेनियातील 11 काउंट्यांसाठी हे काम लुईसबर्ग येथील सीडा-कॉग ही संस्था पाहते.

येथे दुसरा गैरसमज आडवा येतो. स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे गाव. प्राध्यापक, संशोधक आणि चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थी यांच्या जोरावर चालणाऱ्या अशा संपन्न ठिकाणी गरिबीनिवारणाचा निधी कशाला येईल, असे विचारले जाते. हा प्रश्न दोन गोष्टी नजरेआड करतो. पहिली भूगोलाची : त्याच काउंटीच्या पश्चिमेला, पठारावरील फिलिप्सबर्ग आणि स्नो शू या भागांत कोळशाच्या खाणींचा इतिहास आहे, आणि विद्यापीठाची समृद्धी तेथवर आपोआप पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि ती स्वतः स्टेट कॉलेजच्या हद्दीतच घडते.

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास खात्याची कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट ही योजना 1974 च्या कायद्याने सुरू झाली. ब्लॉक ग्रँट म्हणजे ठोक अनुदान : पूर्वी गटारे, झोपडपट्टी, पाणी, मोकळ्या जागा अशा प्रत्येक कामासाठी वॉशिंग्टनकडे वेगवेगळा अर्ज करावा लागे, त्याऐवजी एकच रक्कम नगरपालिकेच्या हाती द्यावी आणि कायद्याच्या चौकटीत राहून कोणती कामे घ्यायची ते तिने ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात थेट हक्काने पैसे मिळण्यासाठी साधारणतः 50,000 लोकसंख्या लागते, आणि 2020 च्या जनगणनेत स्टेट कॉलेज बरोची, म्हणजे पेनसिल्व्हेनियातील या छोट्या नगरपालिकेची, लोकसंख्या 40,501 भरली. तरीही ती पात्र ठरते, कारण जनगणनेच्या व्याख्येनुसार ती तिच्या महानगर क्षेत्रातील मुख्य नगर आहे आणि मुख्य नगराला लोकसंख्येची ही अट लागू होत नाही. रक्कम किती मिळावी हे लोकसंख्या, दारिद्र्य, दाटीवाटीची घरे, जुनी घरे आणि खुंटलेली वाढ यांवर आधारलेल्या दोन सूत्रांनी ठरते आणि ज्या सूत्राने अधिक मिळते ते लागू होते. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी दारिद्र्याच्या गणनेत धरले जात नाहीत. गावात भाड्याच्या खोलीत राहणारे मात्र धरले जातात आणि स्वतःचे उत्पन्न नसल्याने कागदावर गरीब ठरतात. विद्यापीठाच्या गावांचे दारिद्र्याचे आकडे यामुळे फुगलेले दिसतात. पण यातून तेथे खरी गरज नाही असे सिद्ध होत नाही. उलट विद्यार्थ्यांच्या मागणीने घरांचे भाव आणि भाडी चढल्यामुळे शाळेतील शिक्षक, रुग्णालयातील सहायक, उपाहारगृहातील आचारी अशा कमावत्या कुटुंबांना गावात घर परवडेनासे होते, आणि अनुदानाचा रोख नेमका त्यांच्याकडे असायला हवा. कायदाही तेच सांगतो : या निधीतील किमान 70 टक्के रक्कम अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या, म्हणजे त्या परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या, हितासाठी खर्च व्हावी लागते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वेळेचा आहे. अनुदान जाहीर झाल्याची बातमी वाचून अर्जाची तयारी सुरू करणाऱ्या संस्था बहुधा एक वर्ष गमावतात, कारण बातमी येते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. नगरपालिकेला तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा आणि दर वर्षीचा कृती आराखडा खात्याला सादर करावा लागतो. त्यासाठी वर्षातून किमान दोन जनसुनावण्या घ्याव्या लागतात आणि मसुदा किमान 30 दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो. स्टेट कॉलेजमध्ये या कामासाठी नागरिकांची सल्लागार समितीही आहे. कोणत्या गरजेला प्राधान्य द्यायचे हे त्या एकत्रित आराखड्यात एकदा लिहिले गेले, की ज्या गरजेचा त्यात उल्लेख नाही तिच्यासाठी नंतर पैसे मागणे फार अवघड होते. वृद्धांसाठीच्या सेवेची किंवा नव्याने आलेल्या कुटुंबांसाठीच्या भाषाशिक्षणाची गरज कोणी सुनावणीत मांडलीच नाही, तर आराखड्यात ती नसल्याचा दोष नगरपालिकेच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही.

या सुनावण्यांना फक्त अमेरिकी नागरिकांनीच जावे, असेही अनेकांना वाटते. नियमात हा विभाग ‘नागरिक सहभाग’ या नावाने ओळखला जात असला, तरी अल्प उत्पन्न गटातील, अल्पसंख्य आणि इंग्रजी न बोलणाऱ्या रहिवाशांना सहभागासाठी प्रोत्साहन द्यावे, असे त्याच नियमात नगरपालिकेवर बंधन घातलेले आहे. त्यामुळे पारपत्र भारतीय असलेल्या विद्यापीठातील संशोधकानेही तेथे उभे राहून आपल्या वस्तीची अडचण सांगण्यात काहीच गैर नाही. त्याचप्रमाणे, करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्थेने सरकारी निर्णयावर बोलूच नये, ही भीतीही अनाठायी आहे. 1954 पासून अशा संस्थांना निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात उतरण्यास पूर्ण बंदी आहे. अनुदानाच्या आराखड्यावर मत देणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

मराठी मंडळांसारख्या संस्थांच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध समज आढळू शकतात : सांस्कृतिक कार्यक्रमालाही सरकार पैसे देईल अशी आशा, किंवा एका भाषेच्या वा धर्माच्या मंडळाला सरकार कधीच पैसे देणार नाही अशी निराशा. वस्तुस्थिती दोहोंच्या मधली आहे. गणेशोत्सव किंवा दिवाळीचे स्नेहसंमेलन या अनुदानातून होऊ शकत नाही, कारण खर्चाला अल्प उत्पन्न गटाचे हित, जीर्ण वस्तीचे निवारण किंवा तातडीची आपत्ती यांपैकी एक उद्दिष्ट असावेच लागते. पण तेच मंडळ वृद्धांसाठी दुपारचे केंद्र किंवा सर्वांना खुला साक्षरतेचा वर्ग चालवत असेल, तर संस्थेचे नाव किंवा श्रद्धा आड येत नाही. धार्मिक विधी मात्र त्या कामापासून वेळेने किंवा जागेने वेगळे ठेवावे लागतात. वृद्ध, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ आणि निरक्षर प्रौढ अशा काही गटांना नियमांनी मुळातच अल्प उत्पन्नाचे गृहीत धरलेले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी चालणाऱ्या सेवेत प्रत्येकाच्या उत्पन्नाचा दाखला गोळा करण्याचे काम बरेच हलके होते. अशा सेवांवर एकूण अनुदानाच्या साधारण 15 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो आणि त्या लहानशा वाट्यासाठी अनेक जुन्या संस्था आधीच रांगेत असतात, हेही लक्षात घ्यायला हवे.

पैसे आधी हातात मिळतात, हा समज लहान संस्थांना खरोखर अडचणीत आणतो. अनुदान नगरपालिकेचे असते. संस्था तिच्याशी लेखी करार करून काम करते आणि बहुधा खर्च केल्यानंतर पावत्या दाखवून त्याची भरपाई घेते. तोवरचा भार उचलण्याइतकी शिल्लक नसलेल्या मंडळाने केंद्रीय निधीच्या मागे लागू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अशा मंडळाने अनुभवी संस्थेबरोबर भागीदारी करावी, किंवा स्थानिक लोकन्यासाकडे वळावे : सेंटर फाउंडेशन हा सेंटर काउंटीचा लोकन्यास ‘सेंटर गिव्ह्ज’ नावाचा 36 तासांचा देणगी-उपक्रम दर वर्षी भरवतो आणि त्यातील देणग्यांना केंद्रीय निधीइतकी हिशेबाची ओझी नसतात.

संस्थेच्या स्वतःच्या वाट्याबद्दलही गोंधळ आहे. अ‍ॅपलेशियन आयोग काउंट्यांची आर्थिक स्थितीनुसार पाच श्रेण्यांत दर वर्षी नव्याने वर्गवारी करतो. सर्वांत संकटग्रस्त काउंटीत प्रकल्पाच्या खर्चाचा 80 टक्क्यांपर्यंत, मधल्या संक्रमणशील श्रेणीत 50 टक्क्यांपर्यंत, त्यावरच्या स्पर्धाक्षम श्रेणीत 30 टक्क्यांपर्यंत वाटा तो उचलतो आणि उरलेला स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. महाराष्ट्रातील पाणीयोजनांतून जी लोकवर्गणी ओळखीची झाली तीच ही गोष्ट. हा वाटा केवळ रोखीतच द्यावा लागतो असे नाही. दान मिळालेली जागा, साहित्य आणि स्वयंसेवकांचे श्रम यांचीही किंमत केंद्रीय नियमांनुसार धरता येते. अट एवढीच, की तशाच कामासाठी बाजारात जो मोबदला मिळतो त्या दराने श्रमांचे मूल्य लावावे आणि कोणी, कोणत्या दिवशी, किती तास काम केले याची नोंद असावी. हजेरीचे वहीतले पान नसेल, तर वर्षभराचे श्रमदान हिशेबात शून्य ठरते.

राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात योजना बंद करण्याचा प्रस्ताव आला की ती बंद झाली, असे समजून अर्ज सोडून देणेही घाईचे आहे. 2018 ते 2021 या चारही आर्थिक वर्षांच्या प्रस्तावांत ठोक अनुदानाची ही योजना संपवण्याचे सुचवले होते आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, चारही वेळा तिच्यासाठी 3 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली.

उरतो तो सर्वांत खोल गैरसमज : अनुदान म्हणजे एकदा खर्च होऊन संपणारा पैसा. याचे उत्तर स्टेट कॉलेजमध्ये 1996 पासून विटा-लाकडांत उभे आहे. स्टेट कॉलेज कम्युनिटी लँड ट्रस्ट हा तेथील भूमिन्यास नगरपालिकेमार्फत आलेल्या केंद्रीय निधीच्या साहाय्याने घरे घेतो आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना विकतो. मात्र विकले जाते ते फक्त घर, त्याखालची जमीन न्यासाकडेच राहते आणि कुटुंबाला ती 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. जमिनीची किंमत वगळल्याने घर आवाक्यात येते. पुढे कुटुंबाने ते विकायचे ठरवले, तर ठरलेल्या सूत्राप्रमाणे त्याला वाढीचा काही भाग मिळतो, पण पूर्ण बाजारभाव मिळत नाही, म्हणून तेच घर पुढच्या कुटुंबालाही परवडते आणि पहिल्यांदा घातलेले सरकारी पैसे जमिनीत टिकून राहतात.

या रचनेचे मूळ शोधत गेले, तर वाट महाराष्ट्राकडे वळते. रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भावे यांना 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले आणि त्यातूनच पुढे ग्रामदानाची, म्हणजे जमिनीची मालकी व्यक्तीकडे न ठेवता गावाकडे सोपवण्याची, कल्पना वाढली. दान मिळालेली सुटी जमीन पुन्हा विकली जाण्याचा किंवा गहाण पडण्याचा धोका होता. गावाच्या मालकीने तो टळत होता. हा विचार अमेरिकेतील रॉबर्ट स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांपर्यंत पोहोचला. इस्रायलमधील भाडेपट्ट्याच्या पद्धतीशी त्याची सांगड घालून, नागरी हक्कांच्या लढ्यातील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी 1969 मध्ये जॉर्जिया राज्यात अल्बनीजवळ सुमारे 5,700 एकरांवर न्यू कम्युनिटीज ही संस्था उभी केली, आणि अमेरिकेतील पहिला सामुदायिक भूमिन्यास म्हणून तीच ओळखली जाते. तिच्या आराखड्यासाठी केंद्र सरकारने मदत दिली, पण प्रत्यक्ष उभारणीचे मोठे अनुदान राज्याच्या गव्हर्नरच्या विरोधामुळे हाती आले नाही. गव्हर्नर हे तेथे लोकांनी निवडलेल्या कार्यकारी प्रमुखाचे पद आहे, आपल्याकडच्या राज्यपालासारखे नामधारी नव्हे. पुढे दुष्काळ पडला, शेतीकर्ज देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने भेदभाव केला आणि 1985 मध्ये जमीन गेली. त्या भेदभावाची भरपाई म्हणून संस्थेला 1.2 कोटी डॉलर देण्याचा निवाडा झाला तो 2009 मध्ये. जो नमुना सरकारी पैशाअभावी जॉर्जियात मोडला, तोच सरकारी पैशाच्या आधाराने स्टेट कॉलेजमध्ये, निटनी डोंगराच्या पायथ्याशी चालतो आहे, आणि त्याच्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सही करून एखादे कुटुंब विद्यापीठापासून चालण्याच्या अंतरावर राहते.