पहिल्या पगाराआधीचा महिना

नोकरीसाठी घर सोडणाऱ्या मुलाला सगळे एकच प्रश्न विचारतात, 'पगार किती?' पण खरी अडचण असते ती पगार हातात पडेपर्यंतच्या दिवसांची. आधी महिनाभर काम, मग पैसे. तोवर राहायचं कुठे आणि जेवायचं काय? मुंबईच्या गिरणगावानं या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं होतं. ते आजही समजून घेण्यासारखं आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढे लालबाग, परळ, शिवडी, नायगाव भागांत गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून तरुण मुलं येत राहिली. गावाहून आलेला मुलगा लगेच कायम होत नसे. तो 'बदली' म्हणून लागे. कायम कामगार गैरहजर असला तर त्या दिवशी काम, नाहीतर दारावरूनच परत. म्हणजे पहिला पगार उशिरा तर मिळेच, शिवाय तो किती मिळेल याचाही भरवसा नसे.

अशा वेळी आधार होता गाववाल्यांच्या खोलीचा. एकाच गावचे अनेक जण चाळीत एक खोली घेऊन राहत. भाडं वाटून घेत. प्रत्येकाची जागा म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेके. गोव्याहून जहाजावरच्या नोकरीच्या शोधात येणाऱ्यांसाठीही धोबीतलाव परिसरात गावागावांच्या अशाच 'कुडी' होत्या. काम नसलेल्यालाही तिथे अंग टाकायला जागा मिळे.

झोपण्याची सोय झाली, जेवणाचं काय? ते खाणावळवाल्या बाईकडे. ही बहुधा कामगाराचीच बायको. आपल्याच खोलीत ती पहाटेपासून भाकऱ्या थापी. जेवणारा पैसे देई पगार झाल्यावर. पण ज्वारी, तांदूळ, रॉकेल तिला आधीच आणावं लागे. मग ती वाण्याकडे उधारी करी, सावकाराकडून जबर व्याजानं पैसे काढी. थोडक्यात, नवख्या मुलाचा पहिला महिना चाले तो या बाईच्या कर्जावर. तारण ठेवायला काही नसल्यानं बँकेचं दार तिला बंदच होतं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, पुष्कळ जण गावी परतले. खाणावळवाल्यांची उधारी अडकली ती अडकलीच. एकाचा पगार किती जणांच्या पोटाशी बांधलेला होता, हे तेव्हा दिसलं.

आता गिरण्या गेल्या; घर सोडणं थांबलेलं नाही. आज मुलगे जातात तशा मुलीही जातात, पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. पण खोलीची अनामत आधी भरावी लागते, मेसचे पैसेही बऱ्याच ठिकाणी आगाऊ असतात आणि पगार महिनाअखेरीस होतो. ज्याच्या घरी शिल्लक आहे, त्याला हा महिना जाणवतही नाही. ज्याच्या घरी ती नाही, त्याला मात्र चांगली नोकरी मिळूनही ती नाकारावी लागू शकते. दोघांची गुणवत्ता सारखी, फरक फक्त तीस दिवसांचा.

म्हणून मुलाच्या किंवा मुलीच्या पगाराचा आकडा विचारताना, त्याआधीच्या महिन्याचा हिशेबही घरात बसून मांडावा. आणि ज्यांचं शहरात बस्तान बसलं आहे, त्यांनी गावाकडून आलेल्या एखाद्याला महिनाभर आपल्याकडे राहू द्यावं. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांची मुंबई अशाच कुणाच्या तरी खोलीत सुरू झाली होती.